आपल्याच दारातली पाहुणी

या हो, अशा लांब का बसलात? सतरंजी पुष्कळ मोठी आहे, जरा पुढे सरका. मागच्या मंडळींनीही यावं, चपला कोणी नेत नाही. आज एक गोष्ट सांगायची आहे. तिच्यात राजा नाही, राक्षस नाही, आकाशवाणीही नाही. आपल्या भोपाळमधलं, अयोध्या नगरातलं एक साधं घर आहे, आणि त्या घराच्या दारापाशी भिंतीवर बसवलेलं एक यंत्र आहे. मन लावून ऐकाल तर घरी गेल्यावर तुमचं स्वतःचं दारही तुम्हाला निराळं दिसेल, एवढं मात्र वचन देऊन ठेवतो.

तर सुचेताबाई पळसुले. दत्तमंदिरातल्या कीर्तनाला जे जातात त्यांना त्या ठाऊक असतीलच. पहिल्या ओळीत, पेटीच्या बाजूला बसणाऱ्या. बुवांनी गजर धरला की टाळी पहिली त्यांची. यजमान शांतारामपंत मूळचे उज्जैनचे, भेलच्या कारखान्यात फोरमन होते. नोकरीत असतानाच अयोध्या नगरात प्लॉट घेतला आणि नवराबायकोनं उभं राहून घर बांधलं. भर उन्हात रबरी पाइप धरून नव्या भिंतींना पाणी घालायचं काम सुचेताबाईंनी केलं. पंत गेले, घर राहिलं. घरात मुलगा निनाद आणि सून शमिका. दोघंही नोकरीवाले. दोघंही चांगले, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला त्यांचा राग येणार आहे.

पूर्वी या घराचं दार दुपारभर नुसतं लोटलेलं असायचं. कोणीही यावं, "काकू, आहात का?" म्हणून थेट स्वयंपाकघरात जावं. पण मागच्या गल्लीत भरदिवसा चोरी झाली. कपाट फोडलं, देव्हाऱ्यातली चांदीची घंटासुद्धा नेली. निनादनं ते ऐकलं आणि त्याच आठवड्यात घराला अलार्म बसवून घेतला. दारातून आत शिरलं की उजव्या हाताला भिंतीवर आकड्यांची पाटी. कुलूप उघडून आत आलं की ती टूं टूं करायला लागायची. आपला नंबर दाबला की एक लांब शिट्टी देऊन गप्प व्हायची आणि तिचा लाल दिवा हिरवा व्हायचा. नंबर चुकत गेला, तर सगळी कॉलनी गोळा होईल असा भोंगा!

सुचेताबाईंना त्या पाटीचं भारी अप्रूप. सुनेच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला बायका आल्या. पन्हं झालं, कैरीची डाळ झाली, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओट्या भरून झाल्या. कोणीतरी विचारलं, "हे काय हो नवीन, सुचेताबाई?" झालं! बाईंनी पदर खोचला आणि सगळ्यांना दाराशी उभं करून प्रात्यक्षिकच दाखवलं. पन्ह्यात गूळ किती आणि वेलची किती हे जसं सांगावं, तसा एकेक आकडा मोठ्यानं उच्चारून दाबून दाखवला. शेजारच्या तिवारीकाकी तर टाळ्या वाजवून म्हणाल्या, "अरे वाह दीदी, ये तो बैंक की तिजोरी हो गई!"

आता हसू नका. आपल्याकडे हळदीकुंकवाला आलेल्या सवाष्णीपासून काही लपवायचं नसतं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. नवी साडी दाखवावी तसं त्यांनी ते दाखवलं. रात्री जेवताना निनादला ही गंमत त्यांनीच सांगितली. तो हसला. शमिकाही हसली. तिघं मिळून हसले.

पुढच्या रविवारी निनाद म्हणाला, "आई, कंपनीनं सगळ्यांचे नंबर बदललेत बरं का. आता तुझा वेगळा, आमचा वेगळा. आणि हा कोणाला बोलू नकोस हं!"

"नाही रे बाबा," सुचेताबाई म्हणाल्या, आणि नवा नंबर पाठ करून टाकला. मुलगा कंपनीचं नाव घेतो आहे म्हणजे ते खरंच असणार. पोटच्या पोराचं बोलणं कोणती आई पारखून घेते?

त्या दिवसापासून एक नवलच घडायला लागलं. बाई मंदिरातून परतल्या, कुलूप काढून आत आल्या, नंबर दाबला, की लगेच निनादचा फोन! "काय ग आई, आलीस का? ऊन लागलं नाही ना? आधी बसून पाणी पी." एखाद दिवशी नाही, रोज. भाजी घेऊन आल्या तरी फोन. तिवारीकाकींकडून चार पावलं चालून आल्या तरी फोन. बाईंचा ऊर भरून यायचा. मंदिरात बसून त्या सांगायच्या, "माझा निनाद मनकवडा आहे हो! मी उंबऱ्यात पाऊल टाकते ना टाकते, त्याला तिकडे ऑफिसात कळतं."

"भाग्यवान आहात," एक बाई म्हणायच्या. "आमचे चिरंजीव बंगलोरला. मी उंबऱ्यात पडले तरी त्यांना कळायचं नाही."

सुचेताबाई त्या फोनवर जगत होत्या म्हणा ना. पंतांच्या मागे घर दिवसभर गप्प असायचं. त्या गप्प घरात पाऊल टाकताच कोणीतरी आपली वाट बघत होतं असं वाटणं ही काय थोडी गोष्ट आहे? देवाला निरांजन ओवाळताना त्या म्हणत, "बाबा रे, असा मुलगा सगळ्यांना दे."

मग मंदिरात कीर्तनसप्ताह लागला. ग्वाल्हेरहून मंजूषाताई आल्या होत्या. मंजूषाताई म्हणजे गोरटेल्या, ठेंगण्या, नऊवारीतल्या, आणि जिभेला धार अशी की पूर्वरंगातच चार जणांचे अहंकार गळून पडावेत; पण आख्यान लावलं की तीच जीभ लोण्यासारखी. त्या मंदिराच्या खोलीत उतरल्या होत्या, आणि रोज एका घरी त्यांचं जेवण असायचं. शेवटच्या दिवसाचा मान सुचेताबाईंनी हट्टानं मागून घेतला होता. बिट्टन मार्केटच्या हाटातून निनादनं स्वतः निवडून काटेरी वांगी आणून दिली होती. भरली वांगी आणि ताकाची कढी दुपारीच तयार करून झाकून ठेवली होती. भाकऱ्या तेवढ्या गरम थापायच्या. निनाद आणि शमिका यांना मात्र अरेरा कॉलनीत एका रिसेप्शनला जायचं होतं. "आई, तुम्ही दोघी निवांत जेवा," शमिका सांगून गेली होती.

शेवटच्या दिवशी कीर्तन रंगलं. रोज उजेडात संपायचं, त्या दिवशी गजरावर गजर झाले, आरती झाली, बुक्का लागला, प्रसाद वाटून होईपर्यंत दिवे लागले. सुचेताबाई मंजूषाताईंना घेऊन घरी आल्या. आनंदानं त्यांना भूकसुद्धा जाणवत नव्हती. कुलूप काढलं, "या ताई, उजवं पाऊल आधी," म्हणत आत आल्या. पाटी टूं टूं करायला लागली. बाईंनी ऐटीत नंबर दाबला.

लांब शिट्टी आलीच नाही. तीन तुटक, रागीट आवाज आले आणि दिवा लालच राहिला.

"अगबाई, बोट चुकलं वाटतं." पुन्हा दाबला. पुन्हा तेच.

"घाई करू नका, सावकाश," मंजूषाताई म्हणाल्या.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर नीट बसवला, एकेक आकडा पुटपुटत तिसऱ्यांदा दाबला, आणि भोंगा सुटला! कानाचे पडदे फाटावेत असा. दोघी कानांवर हात ठेवून ओसरीत पळाल्या. समोरच्या गच्चीतून लोक वाकले, कुत्री भुंकू लागली, आणि कॉलनीच्या फाटकावरून नवा चौकीदार रामसेवक काठी आपटत धावत आला. त्याला लागून आठवडाही झाला नव्हता. एका कानाला मोबाइल, त्यावर अलार्मकंपनीचा माणूस; दुसरा हात आडवा.

"माताजी, वहीं रुकिए! किसी चीज़ को हाथ मत लगाइए!"

"अरे, मेरा घर है ये!" सुचेताबाई ओरडल्या.

रामसेवकानं फोनवर ऐकून घेतलं आणि जरा मवाळ आवाजात विचारलं, "कंपनीवाले बता रहे हैं, गेस्ट का कोड डला है. आप मेहमान हैं क्या? घरवाले कहाँ गए?"

तेवढ्यात तिवारीकाकी धापा टाकत आल्या. "ए भैया, पगला गए हो? ये अम्मा हैं! घर ही इनका है!"

"होगा काकी," तो बिचारा म्हणाला, "पर मशीन में तो नहीं लिखा."

भोंगा एकदम बंद झाला. कोणी हात लावला नाही, काही नाही; आपोआप. आणि सुचेताबाईंच्या पिशवीत फोन वाजला. मागे बँडचा गलका आणि निनादचा आवाज.

"आई! तू बाहेर गेली होतीस? इतक्या वेळपर्यंत?"

"निनाद, माझा नंबर चालत नाही रे! लोक जमलेत सगळे."

"सातनंतर नाही चालत तो. मी तसं सेटिंग ठेवलंय, म्हणजे सेफ्टीसाठी. एरवी आम्ही घरी असतोच ना त्या वेळी. आज डोक्यातूनच गेलं. आता भोंगा मी बंद केलाय फोनवरून. तू आत जा, आम्ही निघालोच."

"तुला कसं कळलं मी दारात आहे?"

"मेसेज येतो ना. तू कोड टाकलास की मला मेसेज येतो."

सुचेताबाईंनी ओसरीचा खांब धरला. "नेहमी येतो?"

पलीकडे बँड वाजत होता. निनाद म्हणाला, "हो. नेहमीच."

बाईंनी फोन बंद केला. मंडळी, त्या भोंग्यानं त्यांना जेवढं हादरवलं नव्हतं, तेवढं त्या एका शब्दानं हादरवलं. म्हणजे तो मनकवडा नव्हता! वाट बघत नव्हता! यंत्र चुगली करत होतं, आणि चुगली आली की मुलगा फोन फिरवत होता. आणि आपण त्याला आशीर्वाद देत होतो, चारचौघींत मिरवत होतो. सातनंतर आपलं दार आपल्याला उघडत नाही, हे आजवर कळलंही नाही, कारण संध्याकाळी बटण दाबायला नेहमी तेच दोघं पुढे व्हायचे. "तू बस आई, मी बघतो." केवढं कौतुक वाटायचं त्याचं!

आत आल्यावर त्या डायनिंगच्या खुर्चीवर नुसत्या बसून राहिल्या. मंजूषाताईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, परात शोधली, पिठाचा डबा शोधला आणि भाकरी थापायला बसल्या.

"अहो, तुम्ही कशाला!"

"का? कीर्तनकार बाई काय नुसते टाळ वाजवते की काय? ग्वाल्हेरला माझ्या भाकरीला नाव आहे. बसा तुम्ही."

पहिली भाकरी फुगली, तशा सुचेताबाई बोलू लागल्या. "ताई, उद्या सकाळी मी उज्जैनची गाडी धरते. भाऊ आहे तिथे. या घरात माझं नाव पाहुणी म्हणून लागलंय, तर पाहुणीनं किती दिवस राहायचं?"

"जा की," मंजूषाताई म्हणाल्या. "पण न विचारता जाऊ नका. जे खुपतंय ते त्याच्या तोंडावर विचारा आणि मग जा. मुकाट्यानं गेलात तर तुम्हीही तेच कराल, जे त्यानं केलं."

"त्याचा फोन मी प्रसाद म्हणून खात होते हो, ताई." एवढं बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला.

गाडी लागली. निनाद धावत आत आला, अंगावर रिसेप्शनचा जोधपुरी कोट, कपाळ घामानं डबडबलेलं. मागे शमिका. आणि आल्याबरोबर तो वळला कुठे? त्या पाटीकडे! दोन बटणं दाबून त्यानं दिवा पाहिला.

"हो, हो," शेगडीशेजारून मंजूषाताईंचा आवाज आला, "आधी यंत्राची तब्येत बघून घ्या. आई काय, इथेच आहे."

निनाद ओशाळला. आईसमोर येऊन उभा राहिला. "आई, सॉरी. खूप घाबरलीस का?"

"कंपनीनं नंबर बदलले म्हणाला होतास," सुचेताबाई म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता. "कंपनीनं बदलले का?"

"नाही." तो खाली बघत म्हणाला. "मी बदलला. तू हळदीकुंकवात सगळ्यांना नंबर सांगितलास ना... बसवणारा माणूस म्हणाला, घरातल्या वयस्कर लोकांकडून कोणीही गोड बोलून काढून घेतं. त्यांना गेस्टचा नंबर द्या. त्याला वेळ लावता येते, मेसेजही येतो."

"मग मला का नाही बोललास?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि आता बरं वाटलं?" बाई ताडकन उठल्या. "अरे, तू हसलास त्या दिवशी! माझ्याबरोबर जेवायला बसून हसलास! मनात होतं, आई मूर्ख आहे, आणि तोंडानं हसलास?"

शमिका पुढे झाली. "आई, मी ह्याला म्हटलं होतं, आईंना सांगून टाक."

"त्याला म्हटलंस. मला का नाही म्हटलंस? रोज दोन्ही वेळा चहाला समोर बसतेस माझ्या!"

शमिकानं पर्स टेबलावर ठेवली आणि तिथेच उभी राहिली.

"आणि ते फोन," सुचेताबाईंचा आवाज आता फुटला, "ते रोजचे फोन..."

"फोन मी मनापासून करत होतो, आई! आईशप्पथ!"

"असशील. पण मला काय ठाऊक, मन कुठलं आणि मेसेज कुठला?"

निनादनं कोटाचं वरचं बटण काढलं. मंजूषाताईंनी तवा उतरवला, हात पुसले आणि चटईवर मांडी घालून बसल्या. पोथी सांगायला चौरंगाशी बसावं तशा.

"निनादराव, मी बाहेरची. पण मी तुमच्या घरी जेवणार आहे, तेव्हा चार शब्द बोलायचा हक्क लागतो. आईंचं चुकलं का? चुकलंच! दाराचा नंबर म्हणजे पन्ह्याची कृती नव्हे." सुचेताबाईंनी चमकून पाहिलं, पण ताई थांबल्या नाहीत. "पण देवळातल्या गाभाऱ्याला आपण कुलूप लावतो, ते कोणासाठी? देवासाठी. दागिने जाऊ नयेत, मूर्तीला धक्का लागू नये. एका पुजाऱ्यानं काय केलं, कुलपाच्या नादात नैवेद्याची वेळ झाली तरी दार उघडेना. म्हणाला, देव भोळा आहे, कोणीही येऊन त्याला फसवेल. चोर काही आला नाही हो, पण देव उपाशी राहिला! तेव्हा राखण कोणाची चाललीय, हे मधूनमधून बघावं लागतं."

"मी काळजीपोटीच केलं ताई," निनाद पुटपुटला.

"काळजी होती, कबूल. पण काळजी पाठीमागून करू नये, समोरून करावी. आई चुकली, तर रागवायचं होतं. 'आई, काय केलंस हे? चारचौघींत नंबर सांगतात का?' म्हणून भांडायचं होतं. दोन दिवस रुसली असती आणि तिसऱ्या दिवशी शहाणी झाली असती. आपल्या माणसावर आपण रागावतो, निनादराव. पाहुण्यावर कोणी रागावत नाही. पाहुण्याला गोड हसून दाखवतात, आणि तो गेला की कपाटं तपासतात. तुम्ही आईला पाहुणी त्या यंत्रात नाही केलीत. त्या दिवशी ताटावर हसलात ना, तेव्हाच केलीत!"

मग ताई हळूच म्हणाल्या, "आज तुमचा चौकीदार त्यांना विचारत होता, आप मेहमान हैं क्या, घरवाले कहाँ गए."

निनादनं झटकन वर पाहिलं. "आई... तू काय सांगितलंस त्याला?"

"काय सांगणार? घर माझं आहे म्हटलं," सुचेताबाई म्हणाल्या. "तो म्हणाला, मशीनमध्ये लिहिलेलं नाही. खरंच बोलत होता बिचारा."

अरे देवा! मंडळी, कीर्तनात नुसती टाळी वाजवणारा माणूस कधीतरी एका ओळीशी अडतो आणि गदगदतो, तसं झालं. निनाद कोटासकट जमिनीवर बसला, आईच्या पायांपाशी. "आई, या भिंतींना पाणी तू घातलंस. बाबा सांगायचे मला. आणि मी तुला..." मग एकदम उठला. "काढूनच टाकतो ते यंत्र! आत्ता काढतो!" आणि स्क्रूड्रायव्हर शोधायला निघाला.

"थांब!" सुचेताबाईंनी डोळे पुसले. "काढायचं बिढायचं काही नाही. चोर काय संपलेत का जगातले? मागच्या गल्लीतली घंटा अजून सापडलेली नाही. यंत्र राहू दे. मला शिकव."

"काय शिकवू?"

"सगळं! आजवर चार आकडे सांगून मोकळा झालास. बाकीची बटणं काय शोभेची आहेत?"

मग तिथे शिकवणी सुरू झाली. निनाद पाटीशी उभा, बाई स्टुलावर. रात्री घरात झोपताना कोणतं बटण, म्हणजे दारंखिडक्या राखल्या जातील आणि आपण पाणी प्यायला उठलो तरी भोंगा होणार नाही. सगळे बाहेर जाताना कोणतं. संकटात नुसतं दाबून धरायचं ते लाल बटण कोणतं. नंबर चुकला तर घाबरून पुन्हा पुन्हा न दाबता आधी काय करायचं. बाई प्रत्येक गोष्ट दोनदा करून बघत होत्या. मध्येच एकदा शमिका म्हणाली, "आई, तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमतंय," तर बाई म्हणाल्या, "तू लोणी लावू नकोस, तुझ्यावर मी अजून रागावले आहे." शमिका खाली मान घालून हसली. रडतही होती. रागावलेल्या आईचा तिला त्या क्षणी केवढा आधार वाटला, ते तिचं तिलाच ठाऊक.

"सातची अट काढली," निनाद म्हणाला. "आता तू मालक. आमचे नंबरही तू बदलू शकतेस. आणि मेसेज... तोही बंद करू?"

"विचारतो आहेस ना?"

"हो."

"मग ऐक. दिवेलागणीनंतरचा राहू दे. गेल्या थंडीत मी पायरीवरून घसरले होते, कळलेलं बरं. दिवसाचा नको. मंदिरात किती वेळ बसले, याचा हिशेब मी देवालाही देत नाही, तुला कशाला देऊ?"

"बरं. आता नवा नंबर तू टाक. मी बघत नाही." आणि तो खरोखर पाठ फिरवून उभा राहिला.

बाईंनी सावकाश नंबर टाकला. ओठ हलले, पण आवाज आला नाही. मंजूषाताई खुदकन हसल्या. "शिकल्या हो!"

मग नाव टाकायचं राहिलं. गेस्ट पुसून निनाद मोबाइलवर 'आई' लिहू लागला.

"आई नको," सुचेताबाई म्हणाल्या.

त्याचं बोट थांबलं. चेहरा उतरला.

"आई मी तुझी आहे, ती राहीनच. राग जायला वेळ लागेल, तो लागू दे. पण दाराला तुझी आई माहीत असायचं कारण नाही. तुझ्यामुळे मी या घरात आलेले नाही, माझ्यामुळे तू आलास. लिही, सुचेता शांताराम पळसुले. पूर्ण लिही."

निनादनं पूर्ण लिहिलं. पाटीवर ती अक्षरं उमटली, तेव्हा बाईंनी चष्मा पुढे करून ती वाचली. एकदा मनात, एकदा मोठ्यानं.

"आणि उज्जैनची गाडी?" मंजूषाताईंनी ताटं मांडता मांडता विचारलं.

"तिला काय, रोजच असते," सुचेताबाई म्हणाल्या. "वाढा आता, वांगी गार झाली."

तर मंडळी, अशी ही गोष्ट. तुम्हीआम्ही एकाच गावचे, एकाच काळाचे. घरात यंत्रं येणारच. येऊ द्यावीत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. चोरापासून घर राखणं हे शहाणपण आहे. पण घरातल्या वडीलधाऱ्यांना न सांगता त्यांच्यावर पहारा बसवणं, त्यांच्यासाठी खोट्या सबबी रचणं आणि त्यालाच माया म्हणणं, हा विश्वासघात आहे. मग तो कितीही प्रेमानं केलेला असो! म्हाताऱ्या माणसाचं चुकलं तर त्याला समोर बसवून सांगा. पटलं नाही तर भांडा. शिकवा, पुन्हा विसरलं तर पुन्हा शिकवा. तुम्हाला चालायला शिकवताना त्यांनी एकदाच शिकवून सोडून दिलं नव्हतं. आणि त्यांच्याविषयी काही ठरवायचं असेल, तर ते त्यांच्यासह ठरवा. घरात नाव असणं म्हणजे नुसती जागा असणं नव्हे. घरात नाव असणं म्हणजे, मला सांगितल्यावाचून माझ्याविषयी काही ठरणार नाही, हा भरवसा असणं.

आता उठा, प्रसाद घेऊन जा, उशीर झाला. फक्त एवढी विनंती आहे: आज घरी पोचून दार उघडाल, तेव्हा क्षणभर त्या सुचेताबाईंना आठवा. स्वतःच्या ओसरीत खांब धरून, चारचौघांदेखत उभ्या होत्या आणि घर आपलं आहे हे पटवायला त्यांच्याजवळ काही नव्हतं. आणि त्यांना आठवून झालं की आत जे कोणी वाट बघत बसलं असेल, त्या माणसाजवळ जाऊन जरा बसा.